ऑथेल्लो, ९० मिनिटं, सहा वाचक: स्वगत आणि उपरोधाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम: शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चं मराठी अभिवाचन. ९० मिनिटं, मध्यंतर नाही, सहा वाचक, दोन माइक, हातात संहिता. गोष्ट एका ओळीत: व्हेनिसचा मूर सेनापती ऑथेल्लो याच्या मनात त्याच्या हाताखालचा इयागो बायको डेस्डिमोना आणि कॅसिओ यांच्याबद्दल खोटा संशय भरवतो, आणि शेवटी ऑथेल्लो तिला मारतो. भाषांतर नवं, गद्यात. मराठीला हे नाटक जुनंच आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ चं, देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. देवलांनी माणसं आणि मुलूख इकडचे केले. इथे व्हेनिस आणि सायप्रस जागच्या जागी राहतील. ऑथेल्लोला लावलेला 'मूर' (आफ्रिकी वंशाचा माणूस) हा शब्दही तसाच ठेवला. 'हबशी' म्हटलं की श्रोता थेट जंजिऱ्याला पोचतो.

लक्ष दोन गोष्टींवर. एक, स्वगत. दुसरी, तालमीत जिला सगळे 'ड्रॅमॅटिक आयरनी' म्हणतात ती: श्रोत्याला ठाऊक आहे, बोलणाऱ्या पात्राला नाही. या नोंदींत तिला 'नाट्यगत उपरोध' किंवा नुसतं 'उपरोध' म्हटलं आहे. टोमण्यातला उपरोध तो हा नाही. इथलं पात्र अगदी मनापासून बोलत असतं, म्हणून तर लागतं.

शब्दांचा हिशेब आधी. अभिवाचनात मिनिटाला ११० ते ११५ शब्द धरले; त्याहून वेगात लांब मराठी वाक्याचं क्रियापद येईपर्यंत कर्ता कानातून निसटतो. विराम आणि गाणं यांना ६ मिनिटं. उरली ८४. म्हणजे हातात साडेनऊ हजार शब्द. मूळ नाटक तीन हजारांहून अधिक ओळींचं आहे, तेव्हा निम्म्याहून जास्त जाणार.

आधार १६२३ च्या फोलिओचा, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहाचा. १६२२ च्या क्वार्टोपेक्षा (याच नाटकाची छोट्या आकाराची सुटी छपाई) त्यात सुमारे १६० ओळी जास्त आहेत आणि डेस्डिमोनाचं विलोच्या झाडाचं गाणं त्यांतच येतं. ते गाणं हवंच.

५ जून

कात्री लावण्याआधी माहितीचा तक्ता केला. डावीकडे वरून खाली प्रसंग. पुढच्या रकान्यांत श्रोता, इयागो, ऑथेल्लो, डेस्डिमोना, एमिलिया (इयागोची बायको, डेस्डिमोनाच्या सेवेत), कॅसिओ (ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी), रोडेरिगो (डेस्डिमोनाच्या आशेवर इयागोला पैसे पुरवणारा). प्रत्येक घरात तीनपैकी एक खूण: ठाऊक, ठाऊक नाही, चुकीचं ठाऊक.

कच्च्या तक्त्यात तिसरी खूण नव्हती. मग ऑथेल्लोच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ठाऊक नाही' आलं आणि तक्त्यातून काहीच कळेना. नुसत्या अज्ञानातून फार तर उत्कंठा निघते. उपरोधाला पात्राची खात्री लागते, आणि ती खात्री चुकीची असावी लागते. ऑथेल्लोला इयागोबद्दल 'ठाऊक नाही' असं नाहीच. तो भला माणूस आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तक्ता भरताना हाती आलेल्या गोष्टी:

इयागोही सर्वज्ञ नाही. चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात कॅसिओची प्रेयसी बियांका डेस्डिमोनाचा हरवलेला रुमाल नाचवत येते, ते त्याच्या बेतात नव्हतं. नशिबाने साथ दिली. हे वाचकाच्या आवाजात क्षणभर दिसलं पाहिजे.

रोडेरिगोला इयागोचा ऑथेल्लोवरचा राग पहिल्या प्रवेशापासून ठाऊक आहे, म्हणून तो स्वतःला आतल्या गोटातला समजतो. खिसा मात्र त्याचाच कापला जातोय.

एमिलियाचं घर सर्वांत विचित्र. रुमाल कुणाकडे आहे हे तिला ठाऊक, कशासाठी हे ठाऊक नाही. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डेस्डिमोना तिला विचारते की रुमाल कुठे हरवला असेल, तेव्हा ती 'मला नाही माहीत' म्हणते. त्या एका उत्तराच्या जागी खरं उत्तर आलं असतं तर बेत तिथेच कोसळला असता.

एक घर भरता आलं नाही. श्रोत्याला इयागोचा बेत ठाऊक आहे, पण कारण? पहिल्या प्रवेशात कॅसिओला मिळालेली बढती. त्याच अंकाच्या शेवटी बायकोबद्दलची अफवा. दुसऱ्या अंकात डेस्डिमोनाबद्दलची वासना, वर कॅसिओवरही तोच संशय. दर स्वगतात कारण बदलतं. सध्या प्रश्नचिन्ह.

९ जून

इयागोची स्वगतं वेगळी काढून लावली. लहानमोठी धरून आठेक भरतात. बिनीची पाच:

१.३ (पहिला अंक, तिसरा प्रवेश) च्या शेवटी, रोडेरिगोला पैसे गोळा करायला पाठवल्यावर. बेताची पहिली चाहूल.
२.१ च्या शेवटी. बेत अजून धूसर आहे, असं तो स्वतःच म्हणतो.
२.३ च्या मध्यावर, गेलेलं पद परत मिळवायला डेस्डिमोनाला गळ घाल असा कॅसिओला सल्ला दिल्यावर: मला खलनायक कोण म्हणेल, मी तर चांगलाच सल्ला दिला. डेस्डिमोनाच्या चांगुलपणाचंच जाळं विणण्याची गोष्ट इथे येते.
२.३ च्या अगदी शेवटी. छोटं, कामांची यादी असल्यासारखं.
३.३ मध्ये, रुमाल हाती आल्यावर.

यांतलं तिसरं सर्वांत मोलाचं, कारण त्यात पुढच्या दृश्याचा अर्थ आधीच उलटा करून ठेवलेला आहे. यानंतर डेस्डिमोना कॅसिओची बाजू जितक्या मनापासून मांडेल तितकी ती स्वतः गुंतत जाईल. श्रोत्याला हे कळलेलं असतं, आणि मग ती ऑथेल्लोच्या मागे लागते: आज रात्री जेवायला बोलवा, नाहीतर उद्या दुपारी, नाहीतर मंगळवारी सकाळी. एरवी हा लाडिक हट्ट ऐकून हसू आलं असतं.

संहितेत खुणा कशा करायच्या यावर बराच वेळ गेला. इंग्रजी संहितांत बाजूला बोललेलं सगळंच 'असाइड'. संस्कृत नाट्यशास्त्राची विभागणी जास्त कामाची निघाली: सर्वांनी ऐकायचं ते प्रकाश, रंगमंचावर कुणीच ऐकायचं नाही ते स्वगत, ठरावीक पात्रांनीच ऐकायचं ते नियतश्राव्य, आणि त्याचे पुन्हा दोन प्रकार, जनान्तिक (इतरांसमोरच दोघांनी आपसात बोललेलं) व अपवारित (तोंड फिरवून एकालाच सांगितलेलं). समासात फक्त स्व, ज, अ अशी अक्षरं टाकली. 'हे कोण ऐकतंय?' हा प्रश्न दर ओळीला विचारावा लागला. दोन ठिकाणी भाषांतरच चुकलं होतं: रोडेरिगोने ऐकायचं वाक्य कॅसिओच्या कानावर जाईल असं लिहिलेलं.

जाता जाता. संस्कृत नाटकात उपरोधाची एक छोटी, धारदार युक्ती आहे, पताकास्थानक. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम म्हणतो की सीतेचं सगळंच मला प्रिय आहे, असह्य आहे तो फक्त विरह. आणि त्याच क्षणी प्रतिहारी येऊन सांगते, 'देव, उपस्थितः'. तिला म्हणायचंय दुर्मुख, रामाचा हेर, आला. प्रेक्षकाच्या कानी पडतं: विरह आला. अगदी तोच सांधा 'ऑथेल्लो'त ३.३ मध्ये आहे. डेस्डिमोना आत जाते, ऑथेल्लो म्हणतो की हिच्यावरचं माझं प्रेम ज्या दिवशी संपेल त्या दिवशी पुन्हा प्रलय होईल. आणि लगेच पुढची ओळ इयागोची: 'सरकार...' प्रलय दारात उभा. या दोन ओळींत विराम नको. अर्ध्या सेकंदाहून जास्त गेला की दोन वेगळी वाक्यं होतात आणि सांधा सुटतो.

१२ जून

पहिली काटछाट वाचली. ८८ मिनिटं. वेळेत बसली आणि साफ पडली.

कापताना तत्त्व हे होतं: स्वगतं महत्त्वाची, म्हणून पाचही पूर्ण, मधली 'व्यवस्थेची' बोलणी जातील. बाहेरचे चार श्रोते बसवले होते, हातात कागद, जिथे अंगावर येईल तिथे खूण करायची. स्वगतांवर खुणा भरपूर, पुढे जवळजवळ कोरं. तिसऱ्या अंकानंतर दोघांनी खुणा करणंच सोडलं.

कारण शोधायला तक्ता घेतला. स्वगतात श्रोत्याच्या रकान्यातली खूण बदलते, एवढंच. ते पेरणं झालं. पीक निघतं ते नंतर कुणीतरी साधं, सरळ, आपल्या परीने योग्य वाक्य बोलतो तेव्हा. ती साधी वाक्यंच कापली होती. उदाहरणार्थ १.३: डेस्डिमोनाचा बाप ऑथेल्लोला बजावतो की बापाला फसवणारी तुलाही फसवेल. ऑथेल्लो म्हणतो, तिच्या इमानावर माझा जीव पणाला. आणि त्याच दमात, 'इमानी इयागो, माझ्या डेस्डिमोनाला तुझ्या हवाली करतो'. प्रवासाची सोय म्हणून ही ओळ उडवली होती. इयागोचा द्वेष श्रोत्याने पहिल्याच प्रवेशात ऐकलेला आहे. त्याच्या हाती बायको सोपवली जाते आहे, आणि सोपवणाऱ्याच्या तोंडी 'इमानी' हा शब्द आहे. नाटकातलं हे पहिलं मोठं पीक. शिवाय बापाचं ते वाक्य इयागो ३.३ मध्ये पुन्हा काढतो; आधीचं कापलं की तिथे संदर्भच उरत नाही.

नवा नियम: स्वगतातली प्रत्येक माहिती नंतर किमान दोन साध्या वाक्यांत वसूल झाली पाहिजे. ज्या माहितीची वसुली संहितेत उरलेली नाही तिच्या ओळी स्वगतातूनही काढायच्या. त्याप्रमाणे २.१ च्या स्वगतातला इयागोच्या वासनेचा भाग पुढे कुठेच कामाला येत नाही, पण तो कारण बदलत राहण्याचा पुरावा आहे. एका वाक्यावर आणून ठेवला. पाच स्वगतांतून मिळून २६० शब्द काढले, ते सगळे साध्या ओळींना दिले.

१४ जून

'ऑनेस्ट' या शब्दाचं काय करायचं. मूळ नाटकात तो आणि त्याचं नाम मिळून पन्नासाहून अधिक वेळा येतात, बरेचसे इयागोला उद्देशून. कच्च्या भाषांतरात त्याला प्रसंगाप्रमाणे प्रामाणिक, सच्चा, नेक, भला, विश्वासू असे पाच शब्द वापरले होते. वाचायला छान, आणि परिणाम शून्य. हा शब्द खिळ्यासारखा एकाच जागी ठोकला जायला हवा.

'प्रामाणिक' लावून पाहिला. दोन अडचणी. तो मराठीत हिशेबाला, कारकुनाला, परीक्षेला चिकटलेला. आणि डेस्डिमोनाला लागत नाही. इंग्रजी शब्दात बाईच्या पातिव्रत्याचाही अर्थ आहे, आणि ऑथेल्लो ३.३ मध्ये तोच शब्द एकदा तिला लावतो, एकदा इयागोला. दोन्हीकडे चालेल असा शब्द हवा.

'इमानी' ठरला. नोकराला लागतो, कुत्र्याला लागतो, त्यामुळे वरच्याने खालच्याला दिलेल्या शाबासकीचा वास आपोआप येतो, आणि इयागोला हा शब्द का डसत असेल तेही कळतं. डेस्डिमोनासाठी 'इमानाची' आणि 'बेइमान'. उलट शब्द तयार मिळाला हा फायदाच. अंतिम संहितेत इमान, इमानी, बेइमान मिळून ३१ वेळा. पहिल्या काटछाटीत पाचही शब्द धरून ९ उरले होते.

सर्वनामांनी न मागता मदत केली. समोर असताना इयागो ऑथेल्लोला 'सरकार' आणि 'आपण', स्वगतात 'तो'. 'सरकार म्हणतील तसं' आणि दोन ओळींनी 'त्याला नाकाला धरून नेता येईल'. ही घसरण इंग्रजीत अशी दिसत नाही. मात्र एक सांभाळायचं: रोडेरिगोशी बोलतानाही इयागो 'तो'च म्हणतो, तेव्हा एकेरी म्हणजे स्वगत असा संकेत बसवता येणार नाही. आदराचं बोलणं हा मुखवटा, एवढाच संकेत.

१७ जून

३.३. सर्वांत लांब प्रवेश, मूळ सुमारे पावणेपाचशे ओळी. आपल्याला २१ मिनिटं.

इयागो इथे जवळजवळ काही सांगतच नाही. कॅसिओ निघून जाताना दिसतो, इयागो पुटपुटतो, 'हं, हे काही बरं नाही.' ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? 'काही नाही, सरकार.' मग ऑथेल्लोचेच शब्द प्रश्न करून परत देत राहतो: इमानी, सरकार? वाटतं, सरकार? शेवटी ऑथेल्लोच चिडतो की हा माझाच प्रतिध्वनी होऊन बसलाय. पहिल्या मसुद्यात मराठीला सवयीचं म्हणून 'अस्सं?' आणि 'बरं' घातलं होतं. चूक. प्रतिध्वनीत तोच शब्द परत यायला हवा, नाहीतर नुसता होकार होतो.

तालमीत हटकून होणारा बिघाड: इयागोचा वाचक या ओळी कपटी आवाजात वाचतो. डोळे बारीक, आवाज खाली, शेवटचा स्वर लांब. आपण खल आहोत हे श्रोत्याला कळावं म्हणून. पण ते श्रोत्याला तीन स्वगतांपूर्वीच कळलंय. आवाजातून पुन्हा सांगितलं की नुकसान ऑथेल्लोचं होतं. इतकं उघड कपट ज्याला ऐकू येत नाही तो मूर्ख ठरतो, आणि मूर्खाबद्दल हळहळ वाटत नाही. वाचकाला सूचना: या प्रवेशात तूच या बेटावरचा सर्वांत काळजीवाहू माणूस आहेस. आवाज सपाट, थोडा अवघडलेला. मित्राला वाईट बातमी द्यायची आणि जीभ वळत नाही, तसा.

याउलट ऑथेल्लोच्या वाचकाची सवय अशी की शेवट ठाऊक असल्यामुळे तो पहिल्या प्रश्नापासूनच हादरलेला. संशय कोणत्या ओळीवर आत शिरतो ते संहितेत लाल पेनाने ठरवून दिलं; त्याआधी आवाजात हसू.

१९ जून

रुमालाचा प्रवास. स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा हा रुमाल अभिवाचनात दिसणार नाही, म्हणून तो कुठून कुठे गेला हे कानानेच कळायला हवं.

ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिला. ३.३ मध्ये ती तो त्याच्या डोक्याला बांधू पाहते, तो झटकतो, रुमाल पडतो. एमिलिया उचलते. इयागो तिच्याकडून घेतो, कॅसिओच्या खोलीत टाकतो. कॅसिओ नक्षी उतरवून घ्यायला बियांकाला देतो. बियांका ४.१ मध्ये तो त्याच्या तोंडावर फेकते, ऑथेल्लो बघत असताना. ५.२ मध्ये ऑथेल्लोच्या तोंडून रुमालाचं नाव निघतं आणि एमिलियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो, तेव्हा डेस्डिमोना मेलेली आहे.

शेक्सपिअरने ज्या चिंथिओच्या इटालियन कथेवरून (१५६५) हे घेतलं तिच्यात रुमाल ध्वजधारी, म्हणजे तिथला इयागो, स्वतःच चोरतो. नाटकात तो पडतो आणि बायको उचलते. या बदलाने दोन गोष्टी साधल्या: योगायोग खलाच्या बाजूने झाला, आणि गुपिताचा अर्धा भाग ठाऊक असलेलं एक माणूस डेस्डिमोनाच्या इतकं जवळ येऊन बसलं. 'रुमाल माझ्या हाती लागला, बरं झालं' हे एमिलियाचं छोटं स्वगत पहिल्या काटछाटीत पाच शब्दांवर आणलं होतं. पूर्ण परत घेतलं. त्याच्याशिवाय शेवटचा अंक उभा राहत नाही.

रुमाल पडला हे कळवायला एक वाचक रंगसूचना वाचतो: 'रुमाल खाली पडतो. कुणाच्या लक्षात येत नाही.' दुसरं वाक्य नको असं आधी वाटलं होतं. ठेवलं, ऐकणाऱ्याला त्याच क्षणी गुपितात घेतं.

देवलांकडे पाहण्यासारखी गंमत आहे. ज्यांनी 'झुंझारराव' लिहिला त्यांनीच 'संशयकल्लोळ' (१९१६) लिहिलं. त्याच्या आधीच्या गद्य रूपाचं नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' होतं. तिथेही एक वस्तू खाली पडते, भलत्याच्या हाती जाते, नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात. यंत्र तेच, पण बेत रचणारं डोकं नाही. म्हणून तिथे योजनेच्या स्वगतांची गरज पडत नाही. प्रत्येकाचा संशय आपापला स्वतःशी बोलतो, प्रेक्षकाला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं आणि तो हसतो. इयागो काढून घेतला की 'ऑथेल्लो'चा 'फाल्गुनराव' होतो.

२३ जून

४.१, आडून पाहण्याचं दृश्य. इयागो कॅसिओला बियांकाबद्दल छेडतो, कॅसिओ हसतो; लांबून बघणाऱ्या ऑथेल्लोला वाटतं विषय डेस्डिमोनाचा आहे. त्याला हसणं दिसतं, शब्द पोचत नाहीत. तक्त्यात एकाच वेळी चार वेगळी घरं: श्रोता आणि इयागो 'ठाऊक', कॅसिओ 'ठाऊक नाही', ऑथेल्लो 'चुकीचं ठाऊक'.

रंगमंचावर हे अंतराने होतं. दोन माइकवर काय करणार?

पहिला प्रयत्न, ऑथेल्लो माइकपासून दूर उभा राहून मोठ्याने बोलतो. शब्द कळेनात. दुसरा, ऑथेल्लोची मधली वाक्यं कापून फक्त इयागो-कॅसिओ. दृश्य हलकंफुलकं झालं, जखमच दिसेना. तिसरा टिकला: इयागो आणि कॅसिओ डाव्या माइकवर, ऑथेल्लो उजव्या माइकला अगदी खेटून, जवळजवळ कुजबुजीत. कॅसिओचं हसू पूर्ण संपू द्यायचं नाही, त्याच्या शेपटीवरच ऑथेल्लोची ओळ. आणि बियांकाचं नाव इयागोने कॅसिओजवळ घेण्याआधी, एकट्याने श्रोत्याला सांगितलेलं ('आता कॅसिओला बियांकाबद्दल विचारतो') स्पष्ट, सावकाश. ते नाव हुकलं तर श्रोताही ऑथेल्लोच्या बाजूला जाऊन बसतो, आणि उपरोध जाऊन रहस्यकथा उरते.

२५ जून

४.२ मध्ये एमिलिया म्हणते की कुणीतरी नीच, लुडबुड्या बदमाशाने पद मिळवण्यासाठी हे कुभांड रचलं असणार. नसेल तर मला फाशी द्या. इयागो शेजारीच उभा: छे, असा माणूसच नसतो, शक्यच नाही. श्रोते हसले. हसू दबलेलं, लगेच थांबलेलं. हे हवंच आहे. एमिलियाच्या वाचिकेने ही ओळ इयागोकडे पाहून घेऊ नये; पाहिलं की तिला संशय आहे असं वाटतं आणि पुढचं सगळं चुकतं. नजर डेस्डिमोनाकडे.

'पद मिळवण्यासाठी' हे शब्द कापू नयेत. सगळ्या नाटकात इयागोच्या पहिल्या कारणाच्या सर्वांत जवळ जाते ती त्याची बायको, आणि तेही नकळत.

२८ जून

ऑथेल्लोची दोन स्वगतं.

इथे नवशिके हमखास गोंधळतात. स्वगतात पात्र खोटं बोलत नाही हा संकेत खरा, पण ते बरोबरच बोलतं असा त्याचा अर्थ नाही. ३.३ मध्ये इयागो बाहेर गेल्यावर ऑथेल्लो एकटाच म्हणतो, हा माणूस कमालीचा इमानी आहे, माणसं ओळखतो. इयागोच्या स्वगतात श्रोता बोलणाऱ्याच्या बरोबरीने उभा असतो. या स्वगतात तो बोलणाऱ्याच्या पुढे असतो. एकच साधन, टोकं उलटी. म्हणून इयागोचं स्वगत श्रोत्यांकडे बघून, ऑथेल्लोचं संहितेकडे किंवा शून्यात बघून. ऑथेल्लोने श्रोत्यांकडे पाहिलं की मदत मागितल्यासारखं होतं.

५.२ चं स्वगत: डेस्डिमोना झोपलेली, हातात दिवा. आधी हा दिवा विझवायचा, मग तो, तिच्या जिवाचा. हा पुन्हा पेटवता येईल, तो नाही. 'विझवणे' हे क्रियापद पहिल्या मसुद्यात होतं. मराठी घरात दिवा विझवत नाहीत, मालवतात. आणि प्राणज्योतही मालवतेच. मूळ ओळीत एकच क्रियापद दोनदा येतं, ते मराठीत आयतं मिळालं: 'दिवा मालवावा, आणि मग दिवा मालवावा.' दुसऱ्या 'दिवा'वर जोर नको. दोन्ही अगदी सारखे वाचायचे, फक्त मध्ये दोन सेकंद.

डेस्डिमोनाला एकटीने बोलायला ४.२ मध्ये जेमतेम तीन ओळी आहेत, आणि त्यांत ती आपलंच काय चुकलं ते शोधते. ठेवल्या.

१ जुलै

माइकचं. स्वगताला तोंड माइकपासून १० सेंटिमीटर, संवादाला २५. जवळून बोललं की अशा दिशानिष्ठ माइकमध्ये खर्ज वाढतो आणि आवाज कानाशी आल्यासारखा वाटतो. प्रकाशयोजना नसताना स्वगताची खूण म्हणून हे पुरतं. प, फ, भ फुटतात. माइक तोंडासमोर न ठेवता थोडा तिरका. स्वगतात आवाजाची पट्टी खाली आणावीच लागते, नाहीतर मिक्सरवर लाल दिवा. इयागोचा वाचक स्वगत संपवून संवादाकडे येताना पाऊल मागे घेतो, ते पाऊल संहितेत बाणाने दाखवलंय. दोनदा विसरला, दोन्ही वेळा रोडेरिगोशी बोलणं गुपितासारखं वाटलं.

पूर्ण वाचन ९३ मिनिटं. ३.१ मधले वादक आणि विदूषक शिल्लक होते, ते काढले. ८९.

४ जुलै

चार श्रोते, पुन्हा कागद. या वेळी स्वगतांवर खुणा कमी, मधल्या ओळींवर जास्त. सर्वांत दाट तीन जागा: 'तुझ्या हवाली करतो', डेस्डिमोनाचं मंगळवार सकाळ, एमिलियाचा बदमाश. तिन्ही अगदी साधी वाक्यं.

शेवटच्या प्रवेशाची एक गोष्ट राहिली होती. सगळं उघडं पडल्यावर ऑथेल्लो विचारतो, या माणसाने माझ्या जिवाला का फास घातला. इयागो म्हणतो, मला काही विचारू नका, तुम्हाला ठाऊक आहे ते ठाऊक आहे, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. आणि बोलत नाही. चार अंक श्रोत्याशी इतकं मोकळं बोललेला माणूस शेवटी श्रोत्यालाही बाहेर ठेवतो. तक्त्यातलं कारणाचं घर आपण भरू शकलो नाही ते बरोबरच होतं. प्रश्नचिन्ह शाईने पक्कं केलं.

अभिवाचनात याचं करायचं काय? वाचक ओळ संपवून खुर्चीवर जाऊन बसला तर काम संपलं असं वाटतं आणि लक्ष ऑथेल्लोकडे सरकतं. म्हणून खुर्ची नाही. संहिता मिटायची, डाव्या माइकसमोर १० सेंटिमीटरवर, स्वगताच्याच जागी उभं राहायचं, श्रोत्यांकडे बघत, शेवटपर्यंत. साधारण चार मिनिटं. माइक चालूच ठेवायचा. श्वास ऐकू आला तर येऊ द्यायचा.